लॉगिन होतं, पण यादी येत नाही: एफटीपी आणि वर्डप्रेसचं परत परत उपटणारं दुखणं

"अगं, परत तेच झालंय."

नौपाड्यातल्या सरांचा फोन आला की पहिलं वाक्य हेच. पुढचं मला पाठ आहे. फाइलझिला, म्हणजे सर्व्हरवर फाइली ने-आण करायचा प्रोग्रॅम, पासवर्ड घेतो, 'लॉग्ड इन' म्हणतो, मग फोल्डरची यादी आणायला जातो आणि वीस सेकंद ताटकळत ठेवून लाल अक्षरांत 'फेल्ड टु रिट्रीव्ह डिरेक्टरी लिस्टिंग' असं सांगून मोकळा होतो. कालपर्यंत चालत होतं. कुणी कशाला हात लावलेला नाही. (हे वाक्य खरं असतं, हे मला फार उशिरा पटलं.)

लक्षण तेच असलं तरी कारण दर वेळी वेगळं निघालं, आणि म्हणूनच मागच्या वेळचा उपाय पुढच्या वेळी लागू पडला नाही. ती सगळी कारणं ज्या क्रमाने आमच्या अंगावर आली त्याच क्रमाने इथे लिहिते आहे. सेटिंगांची नावं आपण बोलतो तशी लिहिली आहेत. फाइलीत ती इंग्रजी लहान अक्षरांत, शब्दांच्या मधे अंडरस्कोर घालून सापडतील.

आमचा पसारा असा. सर निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, आणि त्यांना धरून पक्षी बघणाऱ्या पाच जणांचा कट्टा: दोघे ठाण्यात, एक ताई ऐरोलीत, एक काका वाशीत आणि मी खारेगावात. ठाणे खाडीचा पट्टा २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये रामसरच्या, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेला, तेव्हापासून सरांना आपल्या फोटोंचा नीट संग्रह असावा असं वाटू लागलं. एकेक फोटो दहा-बारा एमबीचा. हिवाळ्यातला एक रविवार म्हणजे दोनशे फोटो. व्हॉट्सॲपवर पाठवले तर पिसं पुसली जातात, मोफत जागा दोन महिन्यांत भरते. म्हणून सरांच्या टीव्हीखाली एक जुना डेस्कटॉप ठेवून त्यावर उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) आणि व्हीएसएफटीपीडी (एफटीपी या जुन्या पद्धतीने फाइली देणारा-घेणारा सर्व्हर) मीच बसवला. शनिवार होता, पोहे होते, तासाभरात चालू झालं. त्यांच्या हॉलमधून सगळं सुरळीत दिसलं आणि मी निघाले. रात्री ऐरोलीच्या ताईंचा मेसेज आला: यादी येत नाही.

एका खिडकीवर अर्ज, दुसऱ्या टेबलावर कागद

एफटीपी हा सरकारी कचेरीसारखा चालतो. खिडकी क्रमांक २१ वर अर्ज द्यायचा. तिथला माणूस तुमचं नाव-पासवर्ड तपासतो, मान डोलावतो, पण कागद स्वतः देत नाही. तो चिठ्ठी देतो: अमुक पत्त्यावर अमुक टेबलाशी जा. फाइल असो वा नुसती फोल्डरची यादी, ती त्या दुसऱ्या टेबलावरच मिळते. म्हणजे लॉगिन एका जोडणीवर, यादी दुसऱ्या जोडणीवर. पहिली जोडणी नीट आहे म्हणून दुसरी नीट असेलच असं नाही. "लॉगिन तर होतंय ना!" या वाक्यात सगळी फसगत आहे.

फाइलझिलाच्या वरच्या पट्टीत ती चिठ्ठी दिसते. २२७ आकड्याने सुरू होणारी, 'एंटरिंग पॅसिव्ह मोड' अशी ओळ आणि तिच्यापुढे कंसात सहा आकडे. समजा ते २०३, ०, ११३, ४५, १९५, ८० असे आहेत. पहिले चार म्हणजे पत्ता. उरलेल्या दोनांतून टेबल क्रमांक काढायचा: पाचव्याला २५६ ने गुणा, सहावा मिळवा. १९५ गुणिले २५६ म्हणजे ४९,९२०, अधिक ८०, झाले ५०,०००. क्लायंट, म्हणजे आपल्याकडचा फाइलझिला, आता त्या पत्त्यावर, ५०,००० क्रमांकाच्या पोर्टवर जाऊन दार ठोठावणार. ही ओळ वाचायची सवय लागली की निम्मं काम फोनवरच होतं. सरांना मी फोनवर आधी हीच ओळ वाचायला लावते. गणित ते करतात, मी ऐकते.

इतकी उलटी पद्धत कुणी काढली, असा राग मला त्या रात्री आला होता. पण हा प्रोटोकॉल पहिल्यांदा कागदावर उतरवला अभय भूषण यांनी. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी, तेव्हा एमआयटीत होते. त्या टिपणावरची तारीख १६ एप्रिल १९७१. ठाणेकरांना ही तारीख वेगळ्याच कारणाने पाठ असते: १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, पहिली गाडी. योगायोग एवढाच, पण सरांनी तो भिंतीवर लिहून लावला आहे. आज चालतो तो एफटीपीचा आराखडा १९८५ चा, आणि एकाच पत्त्यामागे घरभर यंत्रं दडवणारी नॅट ही युक्ती १९९४ ची. घरातल्या राउटरचा विचार भूषण यांनी करायचा तरी कसा?

पहिला फेरा: टेबलाचं दारच उघडलेलं नव्हतं

ताईंना यादी न येण्याचं कारण साधं होतं. मी राउटरवर फक्त २१ क्रमांकाचं पोर्ट आतल्या मशीनकडे वळवलं होतं. सर्व्हर दर वेळी मनाला येईल ते टेबल सांगत होता आणि राउटर त्या अनोळखी पोर्टवर आलेल्याला बाहेरूनच परत पाठवत होता. सरांच्या हॉलमध्ये चाललं, कारण तिथे मधे राउटरची भिंत नव्हतीच.

उपाय: व्हीएसएफटीपीडीच्या सेटिंगांत ('पीएएसव्ही' म्हणजे पॅसिव्ह) 'पीएएसव्ही मिन पोर्ट' आणि 'पीएएसव्ही मॅक्स पोर्ट' या दोन ओळींत एक ठरावीक पट्टा द्यायचा. आम्ही ५०,००० ते ५०,०२० दिला. तोच पट्टा राउटरवर वळवायचा, तोच उबंटूच्या फायरवॉलमध्ये उघडायचा. 'पीएएसव्ही ॲड्रेस'मध्ये घराचा बाहेरचा पत्ता लिहायचा, नाहीतर चिठ्ठीवर १९२.१६८ ने सुरू होणारा घरातला पत्ता जातो. फाइलझिला हुशार आहे. असा पत्ता दिसला की 'अनराउटेबल' म्हणून तो बाजूला ठेवतो आणि २१ वर ज्या पत्त्याला बोलत होता तोच वापरतो. सगळे क्लायंट एवढे समजूतदार नसतात.

आणि तपासणी नेहमी घराबाहेरून. एवढंही जमत नसेल तर मोबाइलचा हॉटस्पॉट लावून. घरातल्या वायफायवरून घराच्याच बाहेरच्या पत्त्यावर जायचं म्हटलं तर बरेच राउटर गोंधळतात, आणि चालतंय ते बिघडलेलं दिसतं किंवा बिघडलेलं ते चालतंय असं वाटतं.

दुसरा फेरा: लाइट गेली

हा भाग सविस्तर लिहिते, कारण सरांचे निम्मे फोन यावरच आले.

घरच्या इंटरनेटचा बाहेरचा पत्ता कायमचा नसतो. लाइट गेली, राउटर बंद होऊन चालू झाला की नवा पत्ता मिळू शकतो. हे माहीत होतं म्हणून मी डायनॅमिक डीएनएस लावलं होतं: पत्ता बदलला की नाव आपोआप नव्या पत्त्याकडे वळतं. सगळे नावाने जोडले जात होते, त्यामुळे लॉगिन व्हायचं. पण 'पीएएसव्ही ॲड्रेस'मध्ये जुना पत्ता आकड्यांत लिहिलेला. चिठ्ठीवर तोच जाणार. क्लायंट बिचारा त्या जुन्या पत्त्यावर, म्हणजे आता दुसऱ्याच कुणाच्या तरी घरी, जाऊन ५०,००० नंबरचं टेबल शोधणार. शिवाय तो पत्ता दिसायला अस्सल बाहेरचा, त्यामुळे फाइलझिलाची हुशारीही इथे चालत नाही.

या फेऱ्यात मला एक रात्र गंडवलं ते कर्लने, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञेवर फाइली आणणाऱ्या प्रोग्रॅमने. सरांचा फोन आला की मी खारेगावातून काळ्या खिडकीत (टर्मिनलमध्ये) कर्लची आज्ञा द्यायची, यादी झरझर यायची, आणि मी म्हणायची, "सर, माझ्याकडे तर चालतंय." दोघंही खरं बोलत होतो. कर्ल आधी 'ईपीएसव्ही' ही नवी विनंती करून बघतो. १९९८ च्या या सुधारणेत सर्व्हर फक्त टेबल क्रमांक सांगतो, पत्ता सांगतच नाही. तो आधीचाच धरायचा. त्यामुळे चुकीचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी कर्लच्या हातात पडतच नव्हती. फाइलझिला साध्या आयपीव्ही४ (चार आकड्यांच्या पत्त्याच्या) जोडणीवर जुन्या पद्धतीने विचारतो आणि फसतो. तेव्हापासून ज्याचं बिघडलंय त्याच्याच सॉफ्टवेअरने तपासायचं, हा माझा नेम.

मग 'पीएएसव्ही ॲड्रेस'मध्ये आकड्यांऐवजी नाव लिहिलं आणि 'पीएएसव्ही ॲडर रिझॉल्व्ह'ला 'येस' केलं. महिनाभर सुखात गेला. पुन्हा लाइट गेली, पुन्हा फोन. आता काय?

गोम अशी की व्हीएसएफटीपीडी त्या नावाचा पत्ता फक्त स्वतः सुरू होताना, एकदाच विचारून ठेवतो. लाइट येते तेव्हा राउटर आणि डेस्कटॉप एकदमच जागे होतात. डायनॅमिक डीएनएसकडे नवी नोंद पोचायला दोन-तीन मिनिटं लागतात, आणि सर्व्हर तर मिनिटभरात उठून, जुनीच नोंद वाचून, कामाला लागलेला असतो. दुपारी सर 'एकदा बंद करून चालू' करायचे आणि चालायचं, कारण तोवर नोंद ताजी झालेली असे. म्हणून आम्हाला वाटायचं की रीस्टार्ट हाच उपाय. उपाय खरा होता, वेळ चुकीची होती.

शेवटी एक चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली. दर पाच मिनिटांनी नावाचा सध्याचा पत्ता काढायचा, मागच्या वेळी लिहून ठेवलेल्याशी ताडायचा, वेगळा असेल तरच व्हीएसएफटीपीडी पुन्हा सुरू करायचा. ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनमध्ये टाकली आणि लाइटचा आणि फोनचा संबंध तुटला. असंच घरचं मशीन चालवत असाल तर बाकी काही करा न करा, हे कराच.

जाता जाता: कुणी टीएलएस (जोडणीवरचं बोलणं कूटबद्ध करायची सोय) चालू केल्यावर यादी यायची थांबली असेल, तर तेही याच कुळातलं. काही राउटर साध्या एफटीपीचं बोलणं ऐकून चिठ्ठीवरचा पत्ता परस्पर दुरुस्त करतात. बोलणं कूटबद्ध झालं की त्यांना ते वाचताच येत नाही, आणि तुमच्या सेटिंगमधली मुळातली चूक उघडी पडते. टीएलएस बंद करू नका, चूक दुरुस्त करा.

वाशीच्या काकांची दोन गाऱ्हाणी याच काळातली. एक, "पूर्वी ब्राउझरमध्ये पत्ता टाकला की उघडायचं." उघडायचं. पण २०२१ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनीही एफटीपी काढून टाकलं, त्यात आपला सर्व्हर निर्दोष आहे. दुसरं, विंडोजच्या काळ्या खिडकीतला जुना एफटीपी प्रोग्रॅम यादीपाशी अडकतो. त्याला पॅसिव्ह मोड येतच नाही. तो सर्व्हरला म्हणतो, तूच माझ्या घरी ये, आणि काकांचा राउटर सर्व्हरला दारात उभं करत नाही. फाइलझिला घ्या, विषय संपला.

तिसरा फेरा: आता तर लॉगिनही नाही

एका सोमवारी लक्षण बदललं. लॉगिनच होईना. स्क्रिप्ट ठीक, सर्व्हर ठीक, घरातून सगळं ठीक. राउटरच्या पानावर 'वॅन आयपी' (राउटरला कंपनीकडून मिळालेला पत्ता) बघितला तर १०० ने सुरू होणारा, दुसरा आकडा ७८. इथे ट्यूब पेटली. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ मध्ये खास यासाठीच राखून ठेवलेत: इंटरनेट कंपनी शेकडो घरांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे बसवते तेव्हा आत हे पत्ते वाटते. याला सीजीनॅट म्हणतात. तुमच्या राउटरच्या पुढे कंपनीचाही राउटर आहे, आणि त्यावर पोर्ट वळवायची सोय तुमच्या हातात नाही. तुमच्याकडे हीच परिस्थिती आहे का हे बघायला राउटरवरचा वॅन आयपी आणि 'माझा आयपी काय' सांगणाऱ्या पानावरचा आकडा ताडून बघा. दोन्ही वेगळे असतील तर पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये रात्र घालवू नका. कंपनीकडे स्थिर पत्ता विकत मागा, नाहीतर बाहेर सर्व्हर भाड्याने घ्या.

सरांच्या कंपनीने स्थिर पत्त्यासाठी सांगितलेली रक्कम ऐकून सर म्हणाले, "त्यापेक्षा भाड्याचं घर परवडलं." घेतला एक छोटा व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा आभासी सर्व्हर, एक जीबी रॅमचा. ऐरोली, रबाळे, महापे पट्ट्यात, ठाणे-बेलापूर रस्त्याला, डेटा सेंटरांच्या खिडक्या नसलेल्या इमारती उभ्या आहेत. ऐरोलीच्या ताई खाडीकडे जाताना त्यांतल्या एकीकडे बोट दाखवून सांगतात, आपले पक्षी तिथे असतील. असतीलही.

नव्या मशीनवर एफटीपी ठेवलाच नाही. एसएफटीपी घेतला. नावात साम्य असलं तरी हा एसएसएचच्या (दूरच्या मशीनशी कूटबद्ध बोलायच्या पद्धतीच्या) पोटातला वेगळा प्राणी आहे: एकच पोर्ट, २२, आणि अर्ज-कागद सगळं एकाच खिडकीवर. पॅसिव्हचा पट्टा नाही, चिठ्ठी नाही, लाइटचं भय नाही. आज कुणी मला नव्याने विचारलं तर मी पहिल्या दिवसापासून हेच सुचवेन. शनिवारी पोहे खाताना हे सुचायला हवं होतं.

त्याची एक खोड मात्र आहे. पासवर्ड बरोबर, तरी जोडणी लगेच तुटते. क्लायंट काही सांगत नाही. सर्व्हरच्या नोंदवहीत मात्र 'बॅड ओनरशिप ऑर मोड्स फॉर च-रूट डिरेक्टरी' अशी ओळ सापडते. एखाद्याला त्याच्या फोल्डरात कोंडून ठेवायचं असेल, तर तो फोल्डर आणि त्याच्या वरचे सगळे फोल्डर रूटच्या, म्हणजे मशीनच्या मुख्य कारभाऱ्याच्या, मालकीचे हवेत, आणि रूटखेरीज कुणालाही त्यात लिहिता येता कामा नये. लिहायची जागा त्याच्या आत एक वेगळा फोल्डर करून द्यायची. आम्ही 'फोटो' नावाचा केला. व्हीएसएफटीपीडीतही याचा भाऊ भेटतो, '५०० ऊप्स'ने सुरू होणारी ओळ, 'रायटेबल रूट'बद्दल कुरकुर करणारी. उपाय तोच.

वर्डप्रेस दर वेळी पासवर्ड का मागतो

भाड्याचा सर्व्हर आला म्हटल्यावर सरांना ब्लॉगही हवा झाला. वर्डप्रेस, म्हणजे ब्लॉग चालवायचं सॉफ्टवेअर, चढवला, पानं उघडली, मराठी अक्षरं सुरेख दिसली. आठवड्याने प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) अपडेट करायला गेले तर समोर फॉर्म: होस्टनेम, एफटीपी युजरनेम, एफटीपी पासवर्ड. सर म्हणाले, "एफटीपी तर आपण काढून टाकलं ना?"

सोसायटीच्या वॉचमनकडे किल्ली असते, म्हणून घर त्याच्या नावावर होत नाही. वर्डप्रेसचा कोड चालवतो पीएचपी, आणि तो चालतो वेब सर्व्हरच्या नोकराच्या नावाने, उबंटूवर 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा'. फाइली मात्र मी एसएफटीपीने, माझ्या नावाने चढवलेल्या. अपडेटपूर्वी वर्डप्रेस एक तात्पुरती फाइल करून बघतो की ती कुणाच्या नावावर झाली. वॉचमनच्या नावावर झाली आणि घर दुसऱ्याचं असेल, तर तो म्हणतो, मी इथे सामान हलवणार नाही, मालकाची किल्ली आणा. ती किल्ली म्हणजे तो फॉर्म. एकाच सर्व्हरवर अनेक बिऱ्हाडं असतात तिथे ही सावधगिरी रास्तच आहे.

सरांच्या भाच्याने व्हिडिओ बघून यावर दोन उपाय केले होते, दोन्ही बाद. एक, सगळ्या फोल्डरांना ७७७, म्हणजे कुणालाही वाचायची-लिहायची परवानगी. म्हणजे घराला दारंच नाहीत. शिवाय प्रश्न मालकीचा होता, परवानगीचा नव्हता, त्यामुळे फॉर्म गेलाच नाही. दोन, कॉन्फिगच्या फाइलीत 'एफएस मेथड'ला (हे नाव मात्र मोठ्या अक्षरांत) 'डायरेक्ट' लिहिणं. याने फॉर्म जातो, कारण विचारणंच बंद होतं. पण लिहिण्याचा हक्क नसेल तर अपडेट मध्येच 'कुड नॉट क्रिएट डिरेक्टरी' म्हणून अडतं.

मी केलं ते असं. पीएचपी-एफपीएमचा (पीएचपी चालवणाऱ्या सेवेचा) वेगळा पूल, म्हणजे नोकरांचा वेगळा गट, काढला आणि त्याचा 'युजर' तोच ठेवला ज्याच्या नावावर साइटच्या फाइली आहेत. सॉकेटची (वेब सर्व्हर आणि पीएचपी जिथे बोलतात त्या जागेची) मालकी मात्र वेब सर्व्हरकडेच ठेवायची, नाहीतर पानाऐवजी ५०२ हा चुकीचा आकडा येतो. मग फोल्डरांना ७५५, फाइलींना ६४४, कॉन्फिगच्या फाइलीला ६४०. मालक आणि चालवणारा एकच, त्यामुळे फॉर्म आपसूक गेला. याची किंमतही आहे: उद्या एखाद्या प्लगइनमधून कुणी आत शिरला तर त्यालाही सगळीकडे लिहिता येईल. म्हणून प्लगइन चारच ठेवलेत, आणि डॅशबोर्डमधून कोड बदलायची सोय बंद केली आहे.

परवानग्यांचाच आणखी एक फटका: जुने फोटो ब्लॉगवर ४०३ ('बघायची परवानगी नाही') देत होते. व्हीएसएफटीपीडीचं 'लोकल यूमास्क' मुळात ०७७ असतं, म्हणजे चढवलेली फाइल ६०० ने बसते, वेब सर्व्हरला ती वाचताच येत नाही. ते ०२२ करायचं. पण त्याने फक्त पुढच्या फाइली सुधारतात. घरच्या मशीनवरून आणलेले सगळे जुने फोटो तसेच कुलूपबंद होते, आणि 'फाइंड'ची एक आज्ञा देऊन ते एकदम ६४४ करेपर्यंत ताई रोज एक नवा ४०३ शोधून पाठवत होत्या.

फोटो अपलोड्सच्या फोल्डरात थेट टाकले तरी मीडिया लायब्ररीत दिसत नाहीत, हे गाऱ्हाणंही आलं. वर्डप्रेस फोल्डर बघत नाही, डेटाबेसमधली नोंद बघतो. डब्ल्यूपी-सीएलआयच्या (काळ्या खिडकीतून वर्डप्रेस चालवायच्या साधनाच्या) 'मीडिया इम्पोर्ट'ने नोंद होते. डॅशबोर्डमधून चढवायचं तर पीएचपीची मर्यादा आडवी येते, मुळात एका फाइलीला दोन एमबी आणि एकूण विनंतीला आठ. ती वाढवूनही ४१३ ('फार मोठं आहे') आला तर एनजिनएक्सची, म्हणजे वेब सर्व्हरची, स्वतःची मर्यादा आहे, एक एमबी. तिन्ही ठिकाणी वाढवा.

सरांच्या पहिल्या लेखाचं नाव होतं 'ठाणे खाडीतले फ्लेमिंगो आले कसे, गेले कुठे'. दुवा तयार झाला तो 'ठाणे-खाडीतले-फ्लेमिंगो-आ' असा. सरांना वाटलं, परत काहीतरी मोडलं. मोडलेलं काही नव्हतं. दुव्यातलं प्रत्येक देवनागरी अक्षर, काना-मात्रासुद्धा, टक्केवारीच्या चिन्हांत लिहिलं की नऊ जागा खातं, आणि वर्डप्रेस दोनशे जागांवर कात्री लावतो. म्हणजे जेमतेम बावीस अक्षरं. दुवा तिथेच आ वासून थांबतो. लेख मराठीत लिहा, दुव्याचे दोन-तीन शब्द तेवढे रोमन अक्षरांत हाताने टाका. व्हॉट्सॲपवर पाठवताना ती टक्क्यांची लांबलचक शेपटीही जाते.

'ब्रीफली अनअव्हेलेबल फॉर शेड्यूल्ड मेंटेनन्स' असं पान अडकून बसलं तर घाबरू नका. अपडेट मध्येच तुटलं की 'मेंटेनन्स' नावाची, टिंबाने सुरू होणारी लपलेली फाइल मागे राहते. दहा मिनिटांनी वर्डप्रेस स्वतःच तिच्याकडे दुर्लक्ष करतो. घाई असेल तर एसएफटीपीने उडवा. आमच्याकडे हे एक जीबी रॅममुळे व्हायचं. दोन जीबीचं स्वॅप (रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) दिल्यावर थांबलं.

सध्याचा फोन

आता फोन येतो तो असा: "मघाशी होत नव्हतं, आता होतंय." हे सर्व्हरवरच्या फेल-टू-बॅन या राखणदाराचं काम. दहा मिनिटांत पाच वेळा पासवर्ड चुकला की तो त्या पत्त्याला दहा मिनिटं बाहेर बसवतो, मग आपोआप आत घेतो. कॅप्स लॉक चालू ठेवून सरांनी हे तीनदा केलं. त्यांच्या घरचा पत्ता सूट-यादीत टाकावा तर तो लाइटबरोबर बदलतो, हे वर आलंच आहे.

म्हणून पासवर्डच बंद करून सगळ्यांना एसएसएच किल्ल्या, म्हणजे पासवर्डाऐवजी ओळख पटवणाऱ्या फाइली, करायला सांगितल्या. प्रत्येकाने आपल्या मशीनवर किल्ल्यांची जोडी बनवायची आणि त्यातली फक्त सार्वजनिक, 'पब' शेपटीची फाइल मला पाठवायची. तिघांनी पाठवली. वाशीच्या काकांनी दुसरी पाठवली, खाजगी, तीही कट्ट्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, खाली हात जोडलेलं चिन्ह. ती जोडी रद्द केली आणि रविवारी ठाण्याहून वाशीची गाडी पकडून काकांच्या मशीनवर नवी करून दिली. जुनी अजून ग्रुपवर आहे. काकांना 'डिलीट फॉर एव्हरीवन' सापडत नाही.